आमच्या अभंगांच्या अर्जात कोणाचे नाव कोणत्या रकान्यात लिहावे?

प्रश्न | डिचोलीचा पेटीवादक

आमचे भजनी पथक डिचोली तालुक्यातील एका गावचे आहे आणि पथकातील बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून गाणारे आहेत. चतुर्थीनंतर आम्ही सहा रचना ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्यांपैकी तीन अभंग तुकोबांचे असून त्यांना मी नव्या चाली लावल्या आहेत, दोन गवळणी गावातीलच एका शिक्षिकेने लिहिल्या असून त्यांच्या चालीही माझ्याच आहेत, आणि एक अभंग पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या चालीत गायलेला आहे. खर्च पथकाच्या निधीतून झाला, आणि तेवढ्याने भागले नाही तेव्हा गावातील एका व्यापाऱ्याने उरलेली रक्कम दिली. म्हापशाच्या बाजूच्या ज्या स्टुडिओत मुद्रण झाले, तेथील तरुणाने बासरी आणि कीबोर्डचे तुकडे स्वतःच योजून घातले, आणि ते आम्हा सर्वांना आवडले.

आता ही गाणी गाण्यांच्या ॲपवर चढवायची आहेत. त्यासाठी वितरण करणाऱ्या कंपनीच्या अर्जात कंपोझर, लिरिसिस्ट, अरेंजर, प्रोड्युसर, परफॉर्मर, पब्लिशर, लेबल आणि आयएसआरसी असे रकाने आहेत. पथकात सहज विचारले तेव्हा प्रत्येक रकान्यासाठी किमान दोन नावे पुढे आली, आणि 'पब्लिशर' या रकान्यासाठी मात्र एकही आले नाही. त्यातच कार्यक्रम ठरवून देणारे आमचे एक स्नेही मॅनेजर होण्यास तयार आहेत, परंतु येणाऱ्या सर्व उत्पन्नातील निम्मा वाटा ते मागत आहेत.

माझे विचारणे दोन प्रकारचे आहे. पहिले असे की या प्रत्येक रकान्यातील माणूस नेमके कोणते काम करतो आणि त्याचा हक्क कशावर असतो. दुसरे असे की आमच्या पथकातील पखवाज वाजवणारा मुलगा आणि गोवा संगीत महाविद्यालयात शिकणारा एक गायक, या दोघांना पुढे याच क्षेत्रात पोट भरायचे आहे, तर गोव्यात राहून यांतील कोणती कामे खरोखर मिळतात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर | मडगावकर

नमस्कार. मी मुंबईत एका संगीत प्रकाशनाच्या कार्यालयात बरीच वर्षे काम करून आता मडगावला परतलो आहे, त्यामुळे असे रकाने माझ्या ओळखीचे आहेत. ते एकेक करून भरण्याआधी एक विभागणी मनात पक्की करावी. कायद्याच्या दृष्टीने तुमच्या प्रत्येक गाण्यात दोन निरनिराळ्या मालमत्ता आहेत: एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल, आणि दुसरी म्हणजे त्या रचनेचे ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. उद्या तुमचीच चाल फोंड्याच्या एखाद्या महिला पथकाने गाऊन मुद्रित केली, तर रचना तुमचीच राहील, मात्र मुद्रण त्यांचे असेल. पथकातील वाद बहुधा यामुळेच होत आहेत की एक जण रचनेबद्दल बोलतो आणि दुसरा मुद्रणाबद्दल.

रचनेच्या बाजूला कंपोझर, लिरिसिस्ट आणि पब्लिशर हे तिघे येतात. चाल तुमची असल्याने पाच गाण्यांत कंपोझर तुम्ही आहात. रागावर कोणाचीही मालकी नसते, म्हणून चाल भीमपलासीवर बेतलेली आहे एवढ्याने तुमचा हक्क कमी होत नाही. गवळणींच्या शिक्षिका लिरिसिस्ट आहेत. तुकोबांच्या अभंगांसाठी त्या रकान्यात संत तुकाराम असे लिहावे आणि शब्द सार्वजनिक आहेत अशी खूण करावी, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो.

याच हिशोबाने सहाव्या गाण्याची अडचण उभी राहते. त्याचे शब्द संतांचे असल्यामुळे मोकळे आहेत, परंतु अभिषेकीबुवांचे निधन 1998 मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या चालींवरील हक्क, तो आज कोणाच्याही हाती असो, 2058 च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. बुवा आपल्या मंगेशीचे म्हणून आपल्याला ती चाल घरची वाटते आणि देवळात ती गाताना कोणी हरकत घेत नाही, मात्र ती मुद्रित करून विकणे ही वेगळी कृती आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की लेखी परवानगी हाती येईपर्यंत ते गाणे बाजूला ठेवून उरलेली पाचच प्रसिद्ध करावीत. एका गाण्यावरील हरकतीमुळे कंपनीने तुमचे सगळे खातेच रोखून धरले, असे घडू शकते.

पब्लिशरचे काम पुस्तकाच्या प्रकाशकासारखे छापण्याचे नसते. तो रचनेची नोंदणी करतो, ती चित्रपटाला, जाहिरातीला किंवा दुसऱ्या गायकाला देण्याची बोलणी करतो, तिचा वापर कोठे झाला याचा माग काढतो आणि वसूल झालेल्या रकमेतील ठरलेला हिस्सा ठेवून बाकीची रक्कम कवी व संगीतकार यांना देतो. तुमच्याकडे असा कोणी नाही, म्हणून तो रकाना रिकामा ठेवावा किंवा तेथे स्वतःची नावे लिहावीत, पण केवळ जागा भरण्यासाठी तिऱ्हाइताचे नाव कदापि घालू नये. तुम्ही आणि शिक्षिका दोघांनीही इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, या संस्थेचे सभासदत्व घ्यावे. 1969 मध्ये स्थापन झालेली ही संस्था कवी, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने रेडिओ, दूरचित्रवाणी, हॉटेले, कार्यक्रम आणि ॲप यांच्याकडून रचनेचा मोबदला गोळा करते. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला समान वाटा करार करून सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांना किंवा अशा संस्थेलाच सोपवता येतो. त्याआधी मुंबईत एकरकमी पैसे घेऊन सर्व हक्क लिहून देण्याची रीत होती, आणि तसे कागद मी पुष्कळ पाहिलेले आहेत.

आता मुद्रणाची बाजू. ज्या व्यक्तीने मुद्रण घडवून आणण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, तिला कायदा निर्माता मानतो आणि मुद्रणाचा पहिला हक्क तिला देतो. तुमच्या बाबतीत तो निर्माता म्हणजे तुमचे पथक होय. व्यापाऱ्याने दिलेली रक्कम देणगी होती, उसनवारी होती की भांडवल होते, हे त्यांना आजच विचारून दोन ओळींत लिहून घ्यावे, कारण गाणे गाजल्यावर हा प्रश्न विचारणे फार अवघड होते. मात्र अर्जातील प्रोड्युसर या रकान्यात सहसा निराळा माणूस अपेक्षित असतो. वाद्यमेळ ठरवणे, गायकाकडून हवा तसा आवाज काढून घेणे, तुकडे जोडणे आणि गाण्याला अंतिम रूप देणे हे काम करणारा तो तंत्रज्ञ-कलावंत, म्हणजे तुमच्या स्टुडिओतील तरुण. त्याचे नाव तेथे जावे. पथकाचे नाव लेबलच्या रकान्यात आणि वर्तुळातील 'पी' या मुद्रणहक्काच्या खुणेसमोर, वर्षासह, लिहावे. मुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे राहतो.

लेबल हे मुळात मुद्रणाची मालकी घेऊन त्यावर पैसा लावणारे कार्यालय. तेथे नवे गायक हेरणारे लोक असतात, प्रसिद्धी करणारे असतात, रेडिओ आणि ॲपच्या संपादकांशी बोलणारे असतात आणि हिशोब पाहणारे असतात. ही सगळी कामे आता तुमच्यापैकी कोणाला तरी करावी लागतील. आयएसआरसी हा त्या मुद्रणाचा 12 अक्षरा-अंकांचा ओळखक्रमांक असून वितरण कंपनी तो बहुधा स्वतःच देते. तो जपून ठेवावा, कारण पुढे कंपनी बदलली तर तोच क्रमांक लावल्यास गाण्याचा आधीचा ऐकला गेल्याचा हिशोब तुटत नाही.

उत्तर | म्हापशाचा साउंडवाला

मडगावकरांनी कागदाची बाजू उत्तम मांडली आहे, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी हात लावलेला नाही. गोव्यात राहून ॲपच्या रॉयल्टीवर कोणाचे घर चालेल, असे मला वाटत नाही. स्पॉटिफायने तर 2024 पासून असा नियम केला आहे की मागील 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याच्या मुद्रणावर काहीच दिले जाणार नाही. भजनी पथकाच्या सहापैकी किती गाणी तो उंबरठा ओलांडतील याचा अंदाज तुम्हीच करावा. आपल्याकडे पैसा प्रत्यक्ष कार्यक्रमात आहे, आणि कार्यक्रमात गायकाच्या मागे जितकी माणसे उभी असतात, त्यांचा तुमच्या अर्जात रकानाच नाही.

एखाद्या रिसॉर्टमधील तीन दिवसांचे लग्न डोळ्यांसमोर आणावे. वेडिंग प्लॅनर काम घेतो आणि मनोरंजनाचा भाग एखाद्या बुकिंग एजंटकडे सोपवतो. एजंट बँड, डीजे आणि गायक ठरवतो व आपले कमिशन घेतो. कलाकाराकडून तांत्रिक मागण्यांची यादी येते, तिला राइडर म्हणतात. त्यात किती मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर, कोणते माइक, कोणता ड्रमसेट हवा हे लिहिलेले असते. ही वाद्ये आणि ॲम्प्लिफायर भाड्याने पुरवणारा बॅकलाइनचा माणूस वेगळा. स्पीकरची मांडणी कोणत्या कोनात करायची आणि जागेला किती शक्ती लागेल हे ठरवणारा सिस्टिम इंजिनिअर वेगळा. प्रेक्षकांना जे ऐकू येते ते सांभाळणारा इंजिनिअर समोर बसतो, आणि कलाकारांना स्वतःचे जे ऐकू यायला हवे ते सांभाळणारा मॉनिटर इंजिनिअर मंचाच्या बाजूला उभा असतो. त्याशिवाय वेळापत्रक पाळून घेणारा स्टेज मॅनेजर, प्रकाशयोजना करणारा, जनरेटरवाला आणि केबल ओढणारी पोरे. यांपैकी बहुतेकांना गाता येत नाही, पण हंगामात त्यांना कामाची वाण नसते.

भजनाच्या ध्वनियोजनेबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या पोरांना ते उपयोगी पडेल. बाहेरून आलेला चांगला इंजिनिअरही आपल्या सभामंडपात पहिल्यांदा गडबडतो. झांजा इतक्या तीव्र असतात की त्यांच्यापुढे माइक ठेवण्याची गरजच नसते. उलट गायकांच्या माइकमधून त्याच मोठ्याने शिरतात आणि अभंगाचे शब्द गिळतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमारा दगडी भिंतींतून परत येतो आणि पेटी त्याखाली दबते. अशा वेळी आवाज वाढवत नेला की शिट्टी वाजू लागते. झांजवाल्यांना गायकांच्या माइकच्या मागे, जिथून माइक सर्वांत कमी ऐकतो त्या बाजूला, बसवणे आणि पखवाजाचा खालचा भाग थोडा कापणे एवढ्यानेच निम्मे काम होते. हे ज्याला कानाने कळते, तो मुलगा पखवाजवादक असणे हा त्याचा फार मोठा लाभ आहे, कारण कुठल्या क्षणी बोल मोकळे होणार हे त्याला आधीच माहीत असते.

या धंद्यात शिरण्याची आपल्याकडील वाट म्हणजे एखाद्या साउंडवाल्याबरोबर मोसमभर राबणे. ज्याला पद्धतशीर शिकायचे असेल त्याने पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेतील ध्वनीचा अभ्यासक्रम पाहावा. इफ्फी हा चित्रपट महोत्सव 2004 पासून गोव्यात आहे, सेरेंडिपिटी कला महोत्सव 2016 पासून डिसेंबरात पणजीत भरत आला आहे, आणि अशा ठिकाणी स्थानिक तंत्रज्ञांना शिकायला मिळते. मात्र एखाद्याच मोठ्या महोत्सवावर भिस्त ठेवू नये. सनबर्न हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव 2007 मध्ये कांदोळीला सुरू झाला आणि 2016 मध्ये पुण्याला निघून गेला, तेव्हा त्यावर हिशोब बांधलेल्यांची पंचाईत झाली होती. दुसरी गोष्ट वेळेची. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. म्हणून आयोजकाने परवाना घेतला आहे की नाही हे आधी पाहावे. पोलीस येतात तेव्हा ते गायकाकडे जात नाहीत, मिक्सरवर बसलेल्याकडे येतात.

स्टुडिओचे काम हे आणखी निराळे. मुद्रण करणारा, मिक्सिंग म्हणजे सर्व आवाजांचा तोल साधणारा आणि मास्टरिंग म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवणारा हे मुंबईत तीन वेगळे लोक असतात, आपल्याकडे बहुधा एकच. शक्य असेल तर मास्टरिंग तरी दुसऱ्या ताज्या कानांकडून करून घ्यावे. गाणे सर्वांपेक्षा मोठ्याने वाजावे म्हणून आवाज दाबून वर चढवण्याचा आग्रह धरू नये, कारण बहुतेक ॲप सर्व गाणी एका ठराविक पातळीवर आणून वाजवतात, आणि मग दाबलेले गाणे उलट निस्तेज वाटते. आणि त्या तरुणाकडून प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक मागून घ्यावा. बासरीचे तुकडे त्याने खरोखर वाजवले की विकत मिळणाऱ्या तयार संग्रहातून घेतले, हेही विचारावे. तयार तुकडे असतील तर यूट्यूबवरील कंटेंट आयडीसाठी, म्हणजे इतरांच्या व्हिडिओत तुमचे गाणे आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेसाठी, ते गाणे देऊ नये, कारण तेच तुकडे दुसऱ्या कोणाच्या गाण्यात असले की तुमच्या नावाने त्याच्यावर आणि त्याच्या नावाने तुमच्यावर दावे लागतात.

उत्तर | अंत्रुजची ऑर्गनवादक

पेटीवादक बाब, वरील दोन्ही उत्तरे वाचून आपल्या त्या गायक मुलाला वाटेल की गाणे सोडून बाकी सर्व कामांना भाव आहे. फोंडा महालात जत्रांतील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात माझा मोठा काळ गेला असल्याने मला थोडी वेगळी बाजू मांडाविशी वाटते.

कार्तिकापासून शिगम्यापर्यंत आपल्या गावागावांत नाटके होतात, आणि प्रत्येक मंडळाला तालीम मास्तर, ऑर्गनवादक आणि तबलजी लागतो. तालीम मास्तर हे काम शहरातील संगीत दिग्दर्शकापेक्षा अवघड आहे असे मी म्हणेन, कारण त्याला वर्षभर न गायलेल्या हौशी नटाकडून काही आठवड्यांत नाट्यपद बसवून घ्यावे लागते, त्याची पट्टी ओळखावी लागते आणि प्रयोगात तो घसरला तर साथीदाराने त्याला कोठे धरायचे हेही आधीच ठरवावे लागते. पावसाळ्यात बाहेरचे कार्यक्रम थांबतात तेव्हा श्रावणातील सप्ताह, वास्कोचा दामोदर सप्ताह, चतुर्थीच्या आरत्या आणि भजनी स्पर्धांची तयारी यांवर शिकवणाऱ्याचे चालते. पथकाला स्पर्धेसाठी तयार करणारा मार्गदर्शक हे आपल्या गोव्यातले स्वतंत्र आणि मानाचे काम आहे. त्याच्या जोडीला वर्षभराच्या शिकवण्या, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी आणि शाळेतील नोकरी धरली, की गायकाचा संसार होऊ शकतो. आकाशवाणीची श्रेणी मिळवण्याचाही प्रयत्न त्याने करावा. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी आहेत, आणि कार्यक्रमाचे मानधन ठरवताना आयोजक त्यांकडे आजही पाहतात.

अरेंजरच्या रकान्याबद्दल मडगावकरांनी काहीच लिहिले नाही, याचे मला नवल वाटले, कारण तो रकाना तर आपल्याच माणसांनी घडवलेला आहे. चर्चच्या आवारातील शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. संगीतकाराने पेटीवर गुणगुणून दाखवलेल्या चालीला मोठ्या वाद्यवृंदाचे रूप देणे, कोणत्या कडव्याआधी व्हायोलिन किती मात्रा वाजतील आणि त्यांच्याखाली चेलो काय धरतील हे प्रत्येक वादकाच्या कागदावर लिहून देणे हे त्यांचे काम होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंद लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे. पडद्यावर मात्र संगीतकाराचे नाव येत असे आणि वाद्यवृंद लिहिणाऱ्याचे अनेकदा येतच नसे. मोबदलाही कामापुरता, त्या गाण्याच्या पुढील कमाईशी त्याचा संबंध नाही. म्हणून आपल्या स्टुडिओतील त्या मुलाने बासरी आणि कीबोर्डचे तुकडे स्वतः योजले असतील, तर प्रोड्युसरबरोबर अरेंजर म्हणूनही त्याचे नाव लिहा. त्याचा हिस्सा किती हे कायद्यावर सोडू नका, कारण अरेंजरच्या वाट्याविषयी कायद्यात थेट आकडा कोठेच नाही. जे ठरेल ते कागदावर ठरवा.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर | डिचोलीचा पेटीवादक

सर्वांचे मनापासून आभार. सहावे गाणे आम्ही तूर्त बाजूला ठेवत आहोत. व्यापाऱ्यांशी बोलणे झाले, ती रक्कम देणगी आहे असे त्यांनी आनंदाने लिहून दिले. स्टुडिओतील तरुणाने एका गाण्यातील बासरी स्वतः वाजवली असून दुसऱ्या दोन गाण्यांतील तुकडे तयार संग्रहातील आहेत, त्यामुळे ती दोन गाणी कंटेंट आयडीला देणार नाही.

तीन शंका उरल्या आहेत. पखवाजवादक आणि झांजवाले यांनी चाल बांधलेली नाही आणि मुद्रणाचा मालक पथक आहे, तर त्यांचा स्वतःचा असा काही हक्क उरतो का? कार्यक्रमाच्या मानधनावरील कराचे काय? आणि मॅनेजर स्नेह्यांना काय सांगावे?

उत्तर | पणजीचा वकील

पहिल्या शंकेचे उत्तर होय असे आहे. गायक आणि वादक यांना कायद्याने सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क दिलेला असून तो 50 वर्षे टिकतो. त्यांच्या सादरीकरणाचे मुद्रण त्यांच्या संमतीने व्हावे लागते, त्यांचे नाव लावले जावे आणि त्यांच्या वादनाची प्रतिष्ठा बिघडेल अशी मोडतोड होऊ नये, असा आग्रह ते धरू शकतात, आणि व्यापारी वापराच्या रॉयल्टीवरही त्यांचा दावा असतो. म्हणून परफॉर्मरच्या रकान्यात केवळ पथकाचे नाव न लिहिता प्रत्येकाचे नाव वाद्यासह लिहावे आणि सर्वांच्या सह्यांचा एक संमतिलेख करावा. गायकांच्या हक्कांसाठी 2013 मध्ये स्वतंत्र संस्थाही स्थापन झालेली आहे.

कोणाशीही हक्कांचा करार करताना दोन गोष्टी पाहाव्यात. करार लेखी असावा, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहिलेले असावेत. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानतो. 'सर्व जगात, कायमचे' असे शब्द आले की सही करण्यापूर्वी थांबावे.

कराविषयी थोडक्यात सांगतो. हॉटेल किंवा कंपनी मानधन देताना व्यावसायिक शुल्क म्हणून साधारणपणे 10 टक्के टीडीएस कापते. विवरणपत्र भरले की जास्तीची रक्कम परत मिळते, म्हणून कलाकाराने विवरणपत्र भरण्याचा कंटाळा करू नये. जीएसटीमध्ये शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर ते करमुक्त आहे, आणि सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीही लागत नाही. यांतील दीड लाखांची सवलत साउंडवाल्यांना किंवा बुकिंग एजंटला मिळत नाही, हे वरील म्हापसेकरांना ठाऊक असेलच.

विषय निघाला म्हणून आणखी एक. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे वाजवले किंवा गायले तर तो हक्कभंग होत नाही, आणि लग्नाची वरात व त्यासंबंधीचे समारंभ यांचाही त्यात समावेश आहे. या तरतुदीवर बोट ठेवून राज्य सरकारने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2024 मध्ये रद्द ठरवले. याचा अर्थ मूळ सवलत गेली असा नाही. ती परिपत्रकाने वाढवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यामुळे हॉटेलातील लग्नाच्या कार्यक्रमात मुद्रित गाणी वाजणार असतील तर परवान्याची जबाबदारी आयोजकाची आहे असे आपल्या करारात लिहून घ्यावे.

उत्तर | मडगावकर

अंत्रुजच्या बाईंनी माझी राहिलेली बाजू भरून काढली, त्याबद्दल त्यांचे आभार. आता मॅनेजरविषयी. मॅनेजर साधारणतः 15 ते 20 टक्के घेतो, आणि त्यासाठी तो कलाकाराच्या सर्व कामाची आखणी करतो, करार वाचतो, तारखा सांभाळतो, थकलेले पैसे वसूल करतो. केवळ कार्यक्रम मिळवून देणारा हा बुकिंग एजंट होय, त्याचा हिस्सा त्याने आणलेल्या कार्यक्रमापुरता, बहुधा 10 ते 15 टक्के, असतो. तुमचे स्नेही आजवर कार्यक्रम ठरवून देत आले आहेत, म्हणजे ते दुसऱ्या प्रकारचे काम करत आहेत आणि मोबदला मात्र पहिल्याच्याही दुपटीहून अधिक मागत आहेत. त्यांना आणलेल्या कार्यक्रमांवर टक्केवारी द्यावी, एक वर्षाची मुदत घालावी, आणि रचना व मुद्रण यांच्या उत्पन्नातून काहीही देऊ नये.

अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक गाण्यासाठी एक पान करावे. त्यावर रचनेचे हिस्से आणि मुद्रणाचे हिस्से असे दोन भाग असावेत, दोन्हींची बेरीज स्वतंत्रपणे 100 यावी, आणि खाली सर्वांच्या सह्या व तारीख असावी. गवळणींच्या पानावर शिक्षिकेची सही स्वतः जाऊन घ्यावी. पथकातील मुलाच्या हाती कागद पाठवला की तो सप्ताह संपेपर्यंत परत येत नाही, हा सर्वच पथकांचा अनुभव आहे.